ड्रायरचा फ्यूज ‘डायरेक्ट’ करून १३,९९९ रुपये घेऊन गेला

आकडे आधी सांगते. व्हिजिट ३५०, हीटर असेंब्ली ३,८५०, कंट्रोल बोर्ड ६,४००, मजुरी ९००. झाले ११,५००. नंतर फोनवर गोड बोलून ‘वार्षिक मेंटेनन्स’ म्हणून घेतलेले २,४९९. एकूण १३,९९९ रुपये. आमच्या कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये बिघडला होता फक्त थर्मल फ्यूज, म्हणजे उष्णता फार वाढली की वीज तोडणारा छोटासा भाग, किंमत २६० रुपये. तोही दुरुस्तीला आलेल्या माणसाने बदलला नाही. त्या जागी तारेचा तुकडा लावून गेला.

सिंहगड रोडवर राहतो आम्ही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. चादर, गाऊन, खालची जाड दुलई, काही ना काही रोज धुवावं लागतं, कधी दिवसातून दोनदा. ‘पुण्यात ड्रायर कशाला लागतो, दोरीवर वाळतात की कपडे’ असं म्हणणाऱ्यांनी जुलै महिन्यात आमच्याकडे एक आठवडा काढावा. ओलसर चादरीवर झोपवलं की आईंच्या पाठीला लगेच लाल चट्टे उठतात. त्यामुळे ऐन पावसात ड्रायर गार हवा फेकायला लागला तेव्हा मला घाई होती, आणि ती असणारच होती. ड्रम फिरत होता, वारा येत होता, फक्त कपडे तापत नव्हते.

नंबर इंटरनेटवर शोधला. कंपनीचं नाव, कंपनीचा लोगो, ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर, पुणे’, वर पाच-पाच तारे. असे खोटे नंबर कसे टाकले जातात हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही ऐकून माहीत होतं. पण कंपनीचा खरा नंबर मशीनच्या मागच्या पट्टीवर आणि मशीन भिंतीला चिकटवलेलं, खरेदीचं बिल कुठल्या फायलीत ते नवऱ्याला ठाऊक आणि तो दौऱ्यावर. तुमच्या घरातल्या प्रत्येक मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो आजच काढून ठेवा. मॉडेल नंबर, सीरियल नंबर, टोल-फ्री नंबर, बहुतेक वेळा सगळं तिथेच असतं.

माणूस तासाभरात आला. निळा शर्ट, गळ्यात कार्ड, बोलणं अदबीचं. मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारली आणि म्हणाला, “मॅडम, हीटर गेलाय. आणि हीटर शॉर्ट झाला की बोर्ड घेऊन जातो. दोन्ही टाकावे लागतील.” त्याच्या बॅगेत मल्टिमीटर, म्हणजे विजेचे पार्ट तपासायचा मीटर होता, मी पाहिला. तो बाहेर आला नाही. हीटर गेला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मीटरनेच कळतं, हे मला आज माहीत आहे. २३० व्होल्टवर चालणारा साधारण २००० वॅटचा हीटर चांगला असेल तर मीटरवर २६ ओहमच्या आसपास आकडा दिसतो. कॉइल तुटली असेल तर असा आकडा येतच नाही. मिनिटाभराचं काम आहे. घरी कोणी आला आणि मीटर न लावता पार्ट ‘गेला’ म्हणाला, तर तिथल्या तिथे व्हिजिटचे पैसे देऊन वाटेला लावा.

मग त्याने मला वीज बंद करायला, एमसीबीचा खटका पाडायला पॅसेजमध्ये पाठवलं. परत आले तर हातात काळा पडलेला, जळका बोर्ड. “हा बघा, तुमचा.” तो बोर्ड माझ्या मशीनमधला नव्हताच. तो बॅगेतून आणलेला होता, आणि माझी खात्री आहे की तोच बोर्ड दुपारी दुसऱ्या कुणाच्या घरी ‘तुमचा’ म्हणून दाखवला गेला असणार. मी म्हटलं, जुने पार्ट इथेच ठेवा. “कंपनीला परत पाठवावे लागतात मॅडम, नाहीतर वॉरंटी मिळत नाही.” हे इतकं सहज सांगितलं की खोटं वाटेना. जुना पार्ट तुमचा असतो. तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या मशीनचा तो भाग आहे. तो ठेवून जात नसेल तर नवा टाकू देऊ नका.

आता त्या क्षणाबद्दल, जो अजून मला रात्री झोपू देत नाही. मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते. दिवसभर बिलंच तपासते. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो हे मला झोपेतून उठवून विचारा: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग दहा अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. त्याने छापील बिल दिलं. वर कंपनीचं नाव, खाली जीएसटी नंबर, सुरुवात बरोबर २७ ने. बिल माझ्या हातात होतं. नंबरावरून नजर फिरली आणि काहीतरी आखूड आहे असं वाटलंही. मोजायला लागणार तेवढ्यात आतून आईंनी हाक मारली. त्यांना कुशीवर वळवायचं होतं. वळवून बाहेर आले तोवर तो क्यूआर कोड पुढे धरून उभा होता आणि ड्रायरमधून खरंच गरम हवा येत होती. मी पैसे दिले.

तेरा अक्षरं होती. संध्याकाळी नाही, नंतर मोजली, सगळं उघडं पडल्यावर. मी ऑफिसात असते तर ते बिल टेबलावरून पुढे सरकलं नसतं. पण मी ऑफिसात नव्हते, आजारी माणसाच्या घरात होते, आणि हे लोक नेमकं तेच बघून येतात. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव नाही, एका माणसाचं नाव आलं, तेही मी विचारलं. “ते आमच्या सरांचं खातं.” समोर मशीन चालू, हवा गरम, आणि बाई म्हणतेय नाव का वेगळं. अशा वेळी कोण अडून बसतं? दुरुस्ती झालेली दिसत होती, म्हणूनच तर फसवणूक दिसली नाही.

इथे एक सांगते. गल्लीतल्या छोट्या मेकॅनिककडे जीएसटी नंबर नसणं यात काहीच वावगं नाही. नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी धंदा असेल तर त्याला तो लागतच नाही. नंबर नसलेल्याला घाबरू नका, खोटा नंबर छापणाऱ्याला घाबरा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कोणताही नंबर तपासता येतो, मोबाइलवरसुद्धा, माणूस समोर उभा असताना.

काही आठवड्यांनी घरात करपल्याचा वास आला. आधी वाटलं दूध उतू गेलं. मग ड्रायर उघडला तर आईंच्या चादरीवर तपकिरी डाग. प्लग काढला. त्या नंबरवर फोन केला तर आधी ‘तक्रार नोंदवली’, मग फोन उचलेनात, मग नंबर बंद. ‘वार्षिक मेंटेनन्स’चे २,४९९ मात्र त्यांनी त्याआधीच फोनवर मागून, वेगळ्याच माणसाच्या खात्यावर घेतले होते.

शेवटी नवऱ्याच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. काकांनी पहिल्यांदा प्लग काढलाय का ते पाहिलं, मग मीटर लावला. हीटर २६ ओहम, ठणठणीत. हीटरच्या डब्याच्या स्क्रूवर गंज जसाच्या तसा, म्हणजे तो कुणी उघडलेलाच नाही. बोर्डावर नवं चकचकीत स्टिकर. काकांनी नखाने सोलून काढलं तर खाली मूळ छपाई, २०१८. आमचं मशीन २०१९ चं. जुनाच बोर्ड, पुसून वर स्टिकर. आणि मग त्यांनी टॉर्च हीटरच्या डब्याकडे धरली आणि गप्प झाले. “ताई, फ्यूज डायरेक्ट केलाय.”

थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि उडण्यासाठीच असतो. आतली उष्णता हाताबाहेर गेली की तो हीटरची वीज तोडतो. आमचा उडाला कारण मागचा हवेचा पाइप कपड्यांच्या लवेने गच्च भरला होता, हवा बाहेर पडत नव्हती. म्हणजे मशीनने स्वतःला आणि आम्हाला वाचवलं होतं. त्या माणसाला हे नक्कीच कळलं होतं. पाइप साफ करून नवा फ्यूज टाकला असता तर हजाराच्या आसपास काम होतं. त्याने लव तशीच ठेवली, फ्यूज काढला, दोन वायरी जोडल्या आणि हीटर पेटवून दिला. लव कापसासारखी पेट घेते. ड्रायरच्या भिंतीपलीकडे आईंचा पलंग आहे. त्या स्वतःहून उठू शकत नाहीत. पैसे गेले ते गेले, पण हे त्याने केलं, आणि जाताना मला “काळजी करू नका मॅडम” म्हणाला.

काकांनी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून फ्यूज आणला २६० चा, नवा पाइप ४५०, मजुरी ६००. एकूण १,३१०. जुना पाइप आणि ती तार दोन्ही माझ्याकडे ठेवून गेले.

आता दाद मागण्याची गोष्ट. चौकीत गेले. “पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? मग चोरी कुठे झाली? ग्राहक मंचात जा.” मी म्हटलं, खोटं नाव सांगून पैसे घेतले, ही फसवणूक आहे. “आधी त्याचं नाव-पत्ता आणा.” नाव-पत्ता मला मिळाला असता तर मी चौकीत कशाला आले असते? तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. तिथे म्हणाले माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, मग हे सायबर कसं, तुमच्या हद्दीतल्या चौकीत जा. पुन्हा चौकी. आता त्यांना सोसायटीचं सीसीटीव्ही हवं. पहिल्याच वेळी मागितलं असतं तर मिळालं असतं. तोवर ते पुसून त्यावर नवं रेकॉर्डिंग झालं होतं. वॉचमनच्या वहीत नाव आणि मोबाइल होता, मोबाइल नऊ आकडी. अर्ज दिला तर पोच देईनात. मी खुर्चीवरून उठले नाही म्हणून शेवटी शिक्का मारला, आणि शिक्का मारणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लांबवलंय.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही मंजूर केलाय, पिन तुम्ही टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. समोरचं खातं तुमच्याच यंत्रणेतून दिसतंय, कोणाचं आहे ते पोलिसांना तरी कळवा, म्हटलं. “पोलिसांचं पत्र आणा.” पोलीस म्हणतात बँकेचं आणा. ज्या कंपनीचा लोगो लावून हा फिरतो तिने सांगितलं की हा नंबर आमचा नाही, तुमचं मशीन वॉरंटीत नाही, आणि तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद केली. आपल्या नावावर लोकांच्या घरांत फ्यूज काढले जातायत याची त्यांना काही पडलेली नाही. ग्राहक आयोगात फी नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ती शून्य आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. सगळं छान. पण नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची? ज्याला पत्ता नाही त्याच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले, आणि जिला पत्ता आहे तिला सगळ्यांनी फिरवलं.

माझ्यासारखी वणवण नको असेल तर लक्षात येताच, त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. चौकीत ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. मला हे वकील मैत्रिणीने सांगितलं, तेही उशिरा. आता लेखी तक्रार मी वरिष्ठांकडे पाठवली आहे, बिल, क्यूआरचा स्क्रीनशॉट, ती तार आणि स्टिकर यांच्या फोटोंसकट.

तो इंटरनेटवरचा नंबर बदललाय, जाहिरात तीच आहे, तारे तेवढेच आहेत. यंदाच्या पावसाळ्यात पुण्यात ज्यांनी असा नंबर लावून ड्रायर दुरुस्त करून घेतला असेल, त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून मागचं झाकण एकदा उघडून घ्या. हीटरच्या डब्यावर किंवा पंख्याच्या नळीवर दोन टोकांना वायरी लावलेला छोटा फ्यूज दिसायला हवा. तिथे नुसती जोडलेली तार दिसली तर तो ड्रायर पुन्हा लावू नका, प्लग काढूनच ठेवा.