फिनिक्सचा जन्म: बोळाचा गोळा की अळी?

पराभवानंतर कुणी जिंकलं की आपली वर्तमानपत्रं लगेच ‘राखेतून फिनिक्स भरारी’ छापतात. गंमत म्हणजे या पक्ष्याच्या दोन गाजलेल्या जुन्या वर्णनांत आगही नाही नि राखही नाही.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की बाप फिनिक्स मेला की दर 500 वर्षांनी त्याचा पोरगा बापाचा देह घेऊन अरबस्तानातून इजिप्तच्या हेलिओपोलिस शहरात येतो. त्यासाठी हिराबोळाचा, म्हणजे एका सुगंधी डिंकाचा, अंड्यासारखा गोळा करायचा, तो पेलवतोय का हे उडून बघायचं, मग पोखरून आत बापाला ठेवायचं आणि भोक बोळानेच बुजवायचं. वजन पुन्हा पहिल्याइतकंच! हा हिशेब मला फार आवडतो. पण पोरगा जन्मला कसा, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे अंत्यविधी साग्रसंगीत, बारसं गायब. स्वतः हिरोडोटसने पक्षी फक्त चित्रात पाहिला होता आणि गोष्टीवर त्याचा विश्वासही नव्हता.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ती फट बुजवतो. म्हातारा पक्षी लोबान आणि दालचिनीसारख्या सुगंधी काड्यांच्या घरट्यात मरतो, त्याच्या हाडामज्जेतून अळी निघते, अळीचं पिल्लू होतं. कुजक्या मांसातून अळ्या आपोआप उपजतात असं तेव्हा मानत, त्यामुळे वाचकाला हे पटण्याजोगं होतं.

कथेसाठी प्राणी रचायचा तर मी प्लिनीची अळी घेईन. तिच्यात निदान एक पूर्ण चक्र आहे. उडून वजन तपासणारा पोरगा मात्र हिरोडोटसकडूनच उसना आणावा लागेल.