ठाण्याहून नागपूर: विमान की समृद्धी महामार्ग?

मुंबई आणि नागपूर या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर असून विमानाला साधारण दीड तास लागतो; परंतु ठाणेकराचा प्रवास घराच्या दारापासून सुरू होतो, हे तिकीट काढताना विसरले जाते. पूर्व द्रुतगती मार्गावरील गर्दी, उड्डाणापूर्वी दीड-दोन तास आधी पोहोचण्याची गरज आणि उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा धरली, तर दीड तासाचे पाच तास सहज होतात.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला आहे. त्याचे आरंभस्थान असलेले आमणे ठाणे जिल्ह्यातच, भिवंडी तालुक्यात आहे, ही ठाणेकरांची मोठी सोय होय. मोटारीसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर असला तरी विश्रांतीसह नऊ-दहा तास धरावेत. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून दुसरा चालक सोबत असल्याशिवाय हा प्रवास मी कोणालाही सुचवणार नाही.

एकट्याने जायचे असल्यास विमानच बरे. चौघांचे कुटुंब, भरपूर सामान आणि वाटेत शिर्डीला दर्शन घ्यायचे असेल, तर मात्र मी मोटारच निवडेन.