जुन्या गाडीसाठी साधा मल्टिमीटर : पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

नव्वदच्या दशकातली कार्ब्युरेटरची गाडी जो साताऱ्यात आजही रोज चालवतो, त्याने सीट कव्हर आणि नव्या टेपच्या आधी डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट आणि ओहम मोजणारा हातातला मीटर) घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालंय. माझा हजार रुपयांच्या आतला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि आता ऊन तापायला लागलंय, म्हणजे त्याच्याबद्दल ठामपणे बोलण्याइतका वापर झालाय.

त्याने सगळ्यात मोठं काम केलं ते डॅशबोर्डवरच्या काट्यांचं. भर पावसात यवतेश्वर घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. रेडिएटरमध्ये पाणी व्यवस्थित, पंखा फिरतोय, इंजिनाला उकळल्याचा वास नाही. गॅरेजमधून सल्ला आला की सेन्सर बदला, थर्मोस्टॅट बदला, नाहीतर डॅशबोर्डचं पूर्ण मीटरच बदला. पण नीट पाहिलं तर काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर लावला की टेंपरेचरच्या काट्याबरोबर पेट्रोलचा काटाही थोडा वर जात होता. टाकीतलं पेट्रोल घाट चढताना वाढत नाही. दोन काटे एकाच वेळी एकाच दिशेला हलतात तेव्हा दोन सेन्सर एकदम बिघडलेले नसतात, दोघांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलेलं असतं. जुन्या गाड्यांमध्ये या दोन काट्यांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर, म्हणजे काट्यांना जाणारं व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा भाग, असतो. त्याचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसशी असलेली जोडणी, ढिलं पडलं की काट्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं आणि दोन्ही काटे चढे दाखवतात.

मोजायला सुरुवात बॅटरीपासून केली. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ मिळालं तर डायनमो नीट चार्ज करतोय असं समजायचं, त्यामुळे ती शंका तिथेच मिटली. मग मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरली आणि लाल पिन डॅशबोर्डमागच्या अर्थिंगच्या वायरवर. अर्थिंग चांगलं असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ब्लोअर बंद असताना तसंच आलं. ब्लोअर लावला आणि आकडा थेट १.२ वर गेला! ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पॅनेलमागे, पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेल्या पाण्याने अर्थिंगचा बोल्ट हिरवा पडला होता. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तेव्हा ०.०४. दोन्ही काटे त्या दिवसापासून जागेवर आहेत आणि एकही पार्ट विकत आणावा लागला नाही.

या मीटरची खरी किंमत इथेच आहे. एखाद्या वायरवर १२ व्होल्ट आहेत की नाहीत, एवढंच पाहायचं असेल तर तो फसवतो सुद्धा. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आतून कुजलेल्या, एका तारेवर टिकलेल्या वायरवरही तो पूर्ण १२ दाखवतो, आणि बल्ब लावला की तो मिणमिणतो. म्हणून मोजायचं ते नेहमी दिवा, ब्लोअर, वायपर, जे असेल ते चालू ठेवूनच. व्होल्ट कुठे गळतात ते तेव्हाच कळतं. माझ्या हेडलाइटचा मंद उजेड असाच सापडला. बॅटरीवर पूर्ण, बल्बच्या सॉकेटवर मात्र सव्वा व्होल्ट कमी. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. काही महिने ज्याला मी बल्बचा दोष समजत होतो, तो जुन्या स्विचचा होता. रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट दिव्याला करंट देणारे छोटे स्विच) बसवून घेतले आणि खंबाटकी घाटातला रात्रीचा रस्ता आता डोळे न ताणता दिसतो.

मागच्या दिव्यांसाठी मीटर काढायचीही गरज नसते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळत असेल तर त्या दिव्याचं अर्थिंग गेलंय, सरळ तिथेच जावं.

बॅटरी उतरण्याचं दुखणं थोडं सावधगिरीने मोजावं लागतं. लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर मधोमध जोडायचा, सगळे दरवाजे बंद, आणि या अवस्थेत सेल्फ अजिबात मारायचा नाही. चांगल्या गाडीत, सगळं बंद असताना वाहणाऱ्या करंटचा हा आकडा साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असतो. माझ्याकडे ०.२८ आला. म्हणजे दिवसाला पावणेसात अँपिअर-तास, आणि ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन-चार दिवसांत सेल्फ मारणं जड. एकेक फ्यूज काढत गेलो. टेपचा फ्यूज काढताच आकडा खाली. आधीच्या मालकाने टेपची वायर किल्लीच्या स्विचवरून न घेता थेट बॅटरीला जोडून ठेवली होती. काम झालं की लाल पिन पुन्हा व्होल्टच्या सॉकेटमध्ये आणणं फार महत्त्वाचं. ती अँपिअरमध्ये राहिली आणि मीटर बॅटरीला लावला तर शॉर्टसर्किट होतं.

पेट्रोलचा काटा पुढे एकदा एकटाच उड्या मारू लागला, तेव्हा टाकीतल्या फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या दांड्याची) झिजलेली पट्टी ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजून सापडली. फ्लोट हळूहळू वर नेताना आकडा सलग बदलायला हवा, तो मध्येच तुटत होता. हे काम बॅटरीची वायर काढून, दरवाजे उघडे ठेवून, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच करावं.

आता मीटरबद्दल. वायर सलग असली की वाजणाऱ्या बझरचा आवाज मोठा आहे, रस्त्याच्या गोंगाटातही ऐकू येतो. बॅकलाइट डॅशबोर्डखाली फार उपयोगी. पिनांच्या वायरी मात्र आखूड आणि कडक, थंडीत तर वाकतच नाहीत. मी बाजारातून मऊ सिलिकॉनच्या घेतल्या आणि लांब वायरीला क्लिप लावून घेतली, नाहीतर डिकीपासून बॅटरीपर्यंत पोचणं अशक्य. भर उन्हात पडदा वाचता येत नाही. आतला ९ व्होल्टचा सेल उतरत आला की आकडे चुकायला लागतात, हे लक्षात ठेवायचं.

स्टॅबिलायझरची धडधड, म्हणजे त्याचं सतत चालू-बंद होणं, मात्र या मीटरवर मोजता येत नाही. आकडा नाचत राहतो. तिथे १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प बरा, तो लुकलुकताना दिसतो. दोन्ही मिळून सेट पूर्ण होतो. आमच्या गल्लीतले इलेक्ट्रिशियन काकाही अजून टेस्ट लॅम्पच आधी काढतात आणि ते बरोबर आहे.

दुकानातून घेताना दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बझर लगेच वाजतो का पाहा, आणि १० अँपिअरचं सॉकेट फ्यूजसह आहे का ते विचारून घ्या.