भिंतीच्या गाद्या : वर्षभर वापरून बघितल्यावर

सांगली-मिरज रोडला ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीट कव्हर शिवणारं एक दुकान आहे. पाटीवरचं नाव कुणी वाचत नाही, सगळे 'ताडपत्रीवाले मामा' म्हणतात. गेल्या जूनमध्ये मी त्यांच्याकडून मैदानाच्या भिंतीसाठी बारा गाद्या शिवून घेतल्या. हा त्यांचा हिशेब.

मी मुलींना सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच खेळ, शिकवते. मैदान भाड्याचं आहे आणि लेफ्ट फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या समोर डावीकडच्या लांबच्या भागाच्या, मागं दगडी कंपाउंड आहे. नववीतली एक पोरगी उंच बॉलवर नजर लावून उलट्या पावलांनी मागं मागं गेली, कॅच घेतला आणि खांद्यानं दगडावर आदळली. कॉलरबोन गेलं, सहा आठवडे हात गळ्यात. बॉल सुटला नव्हता, हे ती अजून सगळ्यांना सांगते. तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही, ते जास्त लागलं.

तयार पॅडचे भाव विचारले आणि फोन ठेवला. मामांना फोटो दाखवला तर म्हणाले, "मॅडम, हे सीटचंच काम की. फक्त हितं बसायचं न्हाई, आदळायचं."

गादी सहा फूट उंच, चार फूट रुंद. बाहेरून ताडपत्रीचं जाड हिरवं कापड. आत चार इंच फोम : भिंतीकडं दोन इंच रिबाँडेड, म्हणजे फोमचा चुरा दाबून केलेली कडक शीट, आणि पुढं दोन इंच मऊ. नुसता मऊ फोम का चालत नाही, ते त्यांनी अंगठा दाबून दाखवलं. अंगठा थेट टेबलाला टेकला. गादीला २,९०० रुपये पडले. काळं कापड स्वस्तात मिळत होतं, पण एप्रिलच्या उन्हात काळ्याला हात लावून बघा. शिवाय हिरव्यावर पिवळा बॉल चटकन दिसतो.

शिलाई एक नंबर, वर्षात एक टाका उसवला नाही. तक्रारी आहेतच. चार गाद्यांना खाली पाणी निथळायची भोकं पाडायची राहिली होती. जुलैच्या पावसात त्या पाणी प्यायल्या, वजनानं वरच्या रिंगा उपटल्या आणि गणपती आले तरी कुबट वास जाईना. मामांनी पैसे न घेता दुरुस्त करून दिल्या, पण महिना गेला. दोन गाद्यांमध्ये फट पडायची, तिथं नंतर वेल्क्रोची पट्टी लावून घेतली. एक चूक माझी. पाणी लागू नये म्हणून मी गाद्या जमिनीपासून अर्धा फूट वर टांगल्या. घसरत आलेल्या मुलीची नडगी नेमकी त्याच उंचीवर असते. आता खाली टेकवल्यात.

गादीवरून बॉल दगडासारखा उसळत नाही, मेल्यासारखा पायाशी पडतो. त्यामुळं सेंटरच्या, म्हणजे शेजारी मधल्या भागात उभ्या असलेल्या, मुलीला मदतीला आणखी जवळ यावं लागतं. हे आम्हाला दोन रन देऊन कळलं.

पण माझ्याकडं पैसे कमीच असते, तर मी गाद्या पुढच्या वर्षावर ढकलल्या असत्या आणि आधी मुरूम टाकला असता. भिंतीलगत अठ्ठेचाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, तीन इंच जाडीचा पट्टा. दीड ब्रासमध्ये काम झालं आणि ट्रॅक्टरसकट जवळजवळ एका गादीइतकाच खर्च आला. मोठे खडे वेचून काढा, नाहीतर गुडघे सोलतात. मग पाणी मारून रोलर फिरवा. डोळे बॉलवर असतात, भिंत जवळ आल्याचं पायांनाच कळायला लागतं. गवतावरून मुरमावर पाय पडला की बुटांखाली करकर वाजतं आणि भिंत चार पावलांवर आलीय, हे न बघता समजतं.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांना हे शिकायला हाडं मोडावी लागली. ब्रुकलिन डॉजर्स संघाचा पीट रेझर १९४७ साली त्यांच्याच एबेट्स फील्ड मैदानाच्या काँक्रीटच्या भिंतीवर असा आदळला, की पाद्र्याची मरणाआधीची प्रार्थनाही म्हणून झाली होती. तो वाचला, आणि १९४८ मध्ये त्या भिंतीला पॅड लागले. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये मात्र १९२३ पासूनच कडेनं धावण्याचा ट्रॅक होता. तो शर्यतींसाठी केलेला, उपयोगी पडला फील्डरच्या.

आता सरावात पहिली दहा मिनिटं बॉलच नसतो. मुलगी वळून पळत जाते, उलट्या पावलांनी नाही. मुरमावर पोचली की मोकळा हात मागं करून गादी चाचपते आणि मग वर बघते. शेजारची फील्डर ओरडत असते, जागा असेल तर "आहे आहे!", नसेल तर नुसतं "भिंत!" दोघी एकाच बॉलवर आल्या तर सेंटरवालीचा "माझा!" चालतो.

जानेवारीत तीच पोरगी तशाच बॉलमागं गेली. करकर वाजलं, हात गादीला लागला आणि तिनं कॅच सोडून दिला. गादीवरून पडलेला बॉल उचलून सेकंड बेसला, म्हणजे बॅटरच्या धावेतल्या दुसऱ्या टप्प्यावर, फेकला. बॅटरला पहिल्या बेसवरच थांबावं लागलं.

मामांकडं जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. पाऊस तोंडावर आला की ट्रकवाल्यांची रांग लागते आणि आपल्याला "पंधरा दिवसांनी या" ऐकावं लागतं. मी कोपऱ्यातल्या नळाच्या लोखंडी खांबासाठी एक गोल गादी सांगून आलेय.