टॉय सोल्जर्स (१९९१) परत बघितला, अजूनही तेवढाच दम आहे

लहानपणी आवडलेले अ‍ॅक्शन पिक्चर आता बघायला गेलं की बहुतेक वेळा निराशाच होते, पण टॉय सोल्जर्स टिकलाय राव. नव्वदच्या दशकात ठाण्यात केबलवर रात्री उशिरा अर्धामुर्धा बघितला होता, परवा पाऊस इतका होता की घोडबंदर रोडला जायचं रद्द केलं आणि दहावीतल्या भाच्याबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.

स्टोरी साधी आहे. व्हर्जिनियातलं रेजिस नावाचं बोर्डिंग स्कूल, बड्या लोकांची पोरं, त्यातली बरीचशी दुसऱ्या शाळांनी काढून टाकलेली. कोलंबियाच्या ड्रग माफियाचा मुलगा लुईस काली अमेरिकेत पकडलेल्या बापाला सोडवायला, त्याची केस चालवणाऱ्या जजच्या मुलाच्या मागावर येतो, पण त्या मुलाला आधीच तिथून हलवलेलं असतं, मग तो अख्खी शाळाच ओलीस धरतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की पोरं एकदम हिरो होत नाहीत. सुरुवातीला बराच वेळ नुसती मस्ती चालते, बिली टेपर (शॉन अ‍ॅस्टिन) व्होडकाला रंग देऊन माउथवॉशच्या बाटलीत भरतो, कुठून सटकायचं, कोणाला कसं गंडवायचं हे सगळं त्याला पाठ, शाळेची शिस्त बघणारा डीन पार्कर त्याच्या मागे हात धुवून लागलेला. भाचा वैतागून म्हणाला, "मामा, मारामारी कधी सुरू होणार?" पण पुढे तीच सगळी अक्कल कामाला येते, आणि रिमोटच्या विमानाची चिप जिथे वापरलीय ते तर अफलातून.

काली दर तासाला मुलांची हजेरी घेतो, एक जरी कमी भरला तर पाच जणांना गोळ्या. आणि टेपर बाहेरच्या लोकांना आतली माहिती द्यायला सटकतो, म्हणजे पुढच्या हजेरीच्या आत परत यायलाच पाहिजे. इथे बंदूक फारशी चालत नाही, नुसतं घड्याळ, रांगेत उभी पोरं आणि मोजणारा माणूस, तरी आम्ही दोघं सोफ्याच्या टोकाला आलो होतो, भाच्याने मोबाइल कधी बाजूला ठेवला त्यालाही कळलं नाही.

आता स्पॉयलर आहे, बघायचा असेल तर पुढचा पॅरा सोडा.

जोई ट्रोटाचा (विल व्हीटन) बाप माफिया डॉन, तो ओळख लावून पोराच्या सुटकेची सोय करतो, पण बापाच्या नावावर सुटायचं नाही म्हणून जोई भडकतो, बंदूक हिसकावतो आणि मारला जातो. पोरांच्या पिक्चरमध्ये असं सहसा करत नाहीत, आणि त्यानंतर पिक्चर खरंच गंभीर होतो, मित्रांचे चेहरेच बदलतात. व्हीटनने हे काम मनापासून केलंय.

खटकलं ते म्हणजे काली सोडला तर त्याची माणसं सगळी एकसारखी, कोण कुठला काही कळत नाही. शेवटी आर्मी घुसते तो भागही नेहमीचाच. पण लुईस गॉसेट ज्युनिअर डीन म्हणून जबरदस्त, ओरडतानासुद्धा या माणसाचा पोरांवर जीव आहे हे दिसतं.

अमेरिकेत याला आर रेटिंग होतं, शिव्या आणि रक्त दोन्ही आहे, त्यामुळे लहान मुलांना नको, नववी-दहावीच्या पोरांबरोबर मात्र बसून बघा, आणि पहिला अर्धा तास फॉरवर्ड करू देऊ नका.