गार्डन नीलर स्टूल: कंबर सांभाळून तण काढायचं असेल तर घ्याच

लोखंडी पाइपचं फोल्डिंग स्टूल आहे हे, सरळ ठेवलं की बसायला आणि उलटं केलं की तीच फोमची पट्टी जमिनीलगत येते, त्यावर गुडघे टेकायचे. ऑनलाइन 2500 च्या आसपास मिळालं. साताऱ्यात घरामागे परसबाग आहे, पावसाळ्यात तण असं माजतं की खुरपं घेऊन बसलं की सकाळ जाते, आणि ओणवं होऊन काढलं तर दुसऱ्या दिवशी कंबर धरलेली असते. ओणवं झालं की धडाचं सगळं वजन खालच्या मणक्यांवर येतं ना, त्यात तसंच वळून बाजूची पाटी ओढली की झालंच. यावर गुडघे टेकले की हात थेट मातीपर्यंत जातात, पाठ बरीच सरळ राहते.

पण खरी कमाल दोन्ही बाजूंच्या दांड्यांची. त्यावर हात टेकून उठता येतं, कंबरेला झटका बसत नाही. आई पण आता वापरते, कुणाचा हात न धरता उठते, मला तर एवढ्यासाठीच पैसे वसूल वाटले.

बसून मात्र वाफ्यातलं काम करू नका, बैठक उंच असल्यामुळे परत वाकावंच लागतं. कट्ट्यावरच्या कुंड्या असतील तर बसून मस्त होतं. ओल्या मातीत पाय रुततात, खाली फळी टाकावी लागते. फोम अजून जाड हवा होता, आम्ही वरून जुनी सतरंजी घडी करून टाकतो. सोबतची हत्यारांची पिशवी फारच पातळ आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे घेतलं म्हणजे कंबर सुटली असं नाही हां, 10 लिटरची झारी भरली की नुसतं पाणीच 10 किलो, एका हातात धरून चाललं की अंग एका बाजूला कलतं. त्यापेक्षा दोन झाऱ्या अर्ध्या अर्ध्या भरून दोन्ही हातात घ्या. एकाच जागी तास तास बसू नका, मधेमधे उठून चार पावलं चाला. पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील तर बागकाम बंद आणि सरळ डॉक्टर.

घेताना वजनाची मर्यादा बघा आणि पाय उघडल्यावर लॉक नीट बसतंय का ते आल्या आल्या तपासा, ढिलं असेल तर लगेच परत करा.