‘युनिव्हर्सल फिट’ ऐकलं तिथेच फोन ठेवायला हवा होता

६९,३०० रुपये. माझ्या व्हीलचेअरला मोटर जोडायच्या किटपायी गेले. त्यातले १९,५०० बुकिंगचे, ४५,००० ‘माल निघण्याआधी’ आणि ४,८०० ‘ट्रान्झिट इन्शुरन्स, रिफंडेबल’. हा शेवटचा शब्द वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी खुशाल हसावं. मी साताऱ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांना “ओटीपी कुणाला सांगू नका” म्हणून बजावणारा माणूस आहे मी. बायको म्हणाली, “अहो, कशाला चव्हाट्यावर आणताय, लोक नावं ठेवतील.” ठेवू देत. पण आपल्यातला आणखी एक जण याच गळाला लागला तर मला झोप येणार नाही.

अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही, डी-१२, म्हणजे पाठीचा बारावा मणका. इतकी वर्षं हाताने खुर्ची ढकलून खांदे कामातून गेलेत. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की ढकलणं कमी करा, नाहीतर बेडवरून खुर्चीत येण्यापुरताही हात वर जाणार नाही. पूर्ण मोटरची खुर्ची घ्यावी तर ती रिक्षात जात नाही आणि आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्यांवरून दोघांना मिळून उचलवत नाही. म्हणून जोडणी. आहे ती खुर्ची ठेवायची, तिला मोटर जोडायची.

या जोडण्यांमध्ये ढोबळ तीन प्रकार आहेत. पुढे क्लॅम्पने लावायचं मोटरचं चाक आणि हँडल. ते लावलं की खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि तीनचाकी तयार होते. दुसरं, मागच्या दोन चाकांच्या मध्ये बसून मागून ढकलणारं छोटं चाक, अमेरिकेतल्या स्मार्टड्राइव्हसारखं. तिसरं, मोटर थेट चाकाच्या तुंब्यातच (हबमध्ये), जर्मनीच्या अल्बर कंपनीच्या ई-मोशनसारखं. परदेशी माल लाखांच्या घरात. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची निओबोल्ट आहे, पण ती त्यांच्याच निओफ्लाय खुर्चीला लागते. म्हणजे खुर्चीसकट नवीन घ्या. माझी खुर्ची दोन वर्षांची, चांगली चालती. ती टाकून द्यायची का? तर मला माझ्याच घडीच्या खुर्चीला लागणारं काहीतरी हवं होतं, आणि नेमकं तेच मोबाईलवर माझ्यासमोर आलं. जाहिराती आपण काय शोधतो ते बघूनच येतात, हे मला माहीत नाही असं समजू नका.

आणि मला सांगा, बघून घ्यायचं म्हटलं तर बघायचं कुठे? साध्या स्कूटीची टेस्ट राइड द्यायला शोरूमवाले घरी येतात. ही जोडणी लावून दहा फूट चालवून बघता येईल असं एकही दुकान मला आमच्या भागात सापडलेलं नाही. सर्जिकलच्या दुकानात विचारलं तर त्यांनी मला कमोड चेअर दाखवली. तेव्हा “न बघता घेतलंच कसं?” असं विचारणाऱ्यांनी आधी बघायची जागा दाखवावी.

फोनवरचा माणूस गोड. “दादा, पैशाचं नंतर बघू, आधी तुमची तब्येत कशी ते सांगा.” वेबसाइट झकास, पत्ता पुण्याचा, ३६ व्होल्ट, ३५० वॅट, १० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, एका चार्जमध्ये ४५ किलोमीटर, वर ‘विमानातही नेता येते’. आता हिशोब करा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर. विमानात व्हीलचेअरची काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंतच चालते. हे मी नंतर वाचलं. आणि ३६० वॅट-अवरमध्ये माझ्यासारखा ७८ किलोचा माणूस आणि खुर्ची साताऱ्याच्या चढउतारावर ४५ किलोमीटर? सपाटीवर पंचवीस निघाले तरी डोक्यावरून पाणी.

पण हे सगळं सोडा. खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती आठवली की आजही माझं मीच डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या फोनला मी त्याला विचारलं, “माझ्या खुर्चीची मापं कधी पाठवू?” मी टेप घेऊन बसलो होतो. पुढच्या नळीचा व्यास २२ मिलिमीटर, दोन नळ्यांमधलं अंतर, फूटरेस्टची उंची, सीटची रुंदी १८ इंच, सगळं वहीत लिहून तयार. तो म्हणाला, “मापाची गरज नाही दादा, युनिव्हर्सल फिट आहे. कुठल्याही खुर्चीला पाच मिनिटांत.”

ब्लाउज शिवायला टाकला तरी माप घेतात हो! हा तर ७८ किलोचा माणूस रस्त्यावर ओढणार होता. घडीच्या खुर्चीची फ्रेम मधल्या कात्रीवर हलते, तिचे फूटरेस्ट बाजूला फिरतात आणि निघतात; एकसंध फ्रेमच्या खुर्चीत यातलं काहीच हलत नाही. दोघींना एकच क्लॅम्प लागेल कसा? त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हिडिओत एकसंध फ्रेमचीच खुर्ची होती, गोऱ्या माणसाची. मी ती पाहिली. मला फरक कळलाही. मी विचारलंही! तो म्हणाला, “तुमच्यासाठी फोल्डिंगचा अॅडॉप्टर फ्री टाकतो.” आणि मी गप्प बसलो. का? तर खांदा दुखत होता, दसऱ्याची ऑफर त्याच रात्री संपणार होती, आणि माप न विचारणारा माणूस मला तेव्हा आत्मविश्वासाचा वाटला. तुम्हाला सांगतो, तुमच्या खुर्चीचा एकही आकडा न विचारता पैशाचा आकडा सांगणारा माणूस विक्रेता नसतो. तिथेच फोन ठेवा.

४५,००० मागताना त्याने बिल पाठवलं. त्यावर १८ टक्के जीएसटी. अपंगांच्या खुर्च्यांवर ५ टक्के लागतो. मी दुकानात जीएसटीची कामं करतो, पण घाईत ‘मोटर आहे म्हणून असेल’ असं धरून चाललो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. बिलावर पत्ता पुण्याचा आणि क्रमांक ०७ने सुरू! नंतर पोर्टलवर टाकून बघितला तर तो होजिअरीच्या धंद्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, पैसे द्यायच्या आधी करा. कार्डाने देतो म्हटलं तर म्हणे मशीन बंद आहे, यूपीआय करा. क्रेडिट कार्डाचा व्यवहार निदान वादात तरी टाकता येतो. यूपीआयला बँक एकच वाक्य ऐकवते: तुम्हीच पिन टाकलात.

मग ‘माल निघालाय, चेकपोस्टवर अडकलाय’ करत दिवस ढकलले. हे दिवस ढकलणं उगाच नसतं, हे लक्षात घ्या. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर समोरच्या खात्यात असलेले पैसे गोठवता येतात. आपण मालाची वाट बघत बसतो तेवढ्यात खातं रिकामं.

आणि माल आला! हीच त्यांची खरी अक्कल. खोक्यात साध्या सायकलला लावायचं हब मोटरचं किट, रंग उडालेलं हँडल, दोन क्लॅम्प आणि बॅटरीचा डबा. अॅडॉप्टर वगैरे काही नाही. क्लॅम्प २२च्या नळीवर सैल बसला म्हणून ई-बाइक दुरुस्त करणाऱ्या पोराने रबराच्या पट्ट्या घालून आवळला. गल्लीचा चढ लागला तसं पुढचं चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, कारण वजन सगळं मागे. क्लॅम्प सरकला, छोटी चाकं धपकन खाली आली आणि मी पुढे हँडलवर आदळलो. शेजारच्याने धरलं म्हणून दात शाबूत आहेत. संध्याकाळी बायकोने पँट बदलताना बघितलं तर डाव्या नडगीवर क्लॅम्पचा खटका घासून दोन बोटं रुंद कातडं गेलेलं. मला पत्ताच नव्हता. ज्यांना पायात संवेदना नाही त्यांनी कुठलीही जोडणी लावल्यावर दर अर्ध्या तासाने पाय डोळ्यांनी तपासावेत. ती जखम भरायला सहा आठवडे गेले, ड्रेसिंगचे ३,४५० वेगळे.

बॅटरी त्या पोराने दुकानात माझ्यासमोर उघडली. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या डब्यात साधारण चाळीस सेल लागतात. आत वीस होते, त्यांच्यावरचं जुनं लेबल खरवडलेलं, कडेला गंज. उरलेल्या जागेत थर्माकोल कापून बसवला होता, आणि वजन भरावं म्हणून तळाला सिमेंटचा गट्टू चिकटपट्टीने बांधलेला. पोरगा म्हणाला, “काका, ही चार्जला लावून झोपू नका.” झोपतोय कशाला.

आता सरकारी बाजू ऐका. आमच्या पोलीस ठाण्याला पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, नियम २०१७चे, म्हणजे मुदत २०२२लाच संपली. माझी तक्रार फुटपाथवर ऐकून घेतली. ऐकणारे साहेब म्हणाले, “माल आलाय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे, ग्राहक न्यायालयात जा.” मी म्हटलं, साहेब, सिमेंटचा गट्टू पाठवलाय. म्हणे, “मोटर पण पाठवलीय ना?” बघा! म्हणूनच रिकामा खोका पाठवत नाहीत ते. थोडा भंगार माल पाठवला की प्रत्येक टेबल तुम्हाला पुढच्या टेबलाकडे ढकलायला मोकळं. ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं, त्यात खोटं भासवून मालमत्ता द्यायला लावणं स्पष्ट लिहिलंय, हे मीच त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यावर उत्तर काय, तर “तुम्ही वकील आहात का?” सायबरचा कक्ष दुसऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली कुणाला तरी पाठवा म्हटलं तर साहेब बंदोबस्तात. बँकेत गेलो तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेलो तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. दिव्यांगांचं काम बघणाऱ्या कार्यालयात तर एका बाईंनी मला विचारलं, “पण तुम्ही योजनेतून का नाही घेतलं? फुकट मिळतं.” बाई, योजनेतून या जोडणीचा अर्ज आहे का तुमच्याकडे? नव्हता. तिथे एक जण हळूच म्हणाला, “अपंगांना मोबाईलवरचं काही कळत नाही, म्हणून फसतात.” माझ्या दुकानात याच्या पोराचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मी भरतो.

ग्राहक आयोगात मात्र दाखल केलं, आणि तुम्हीही करा, वकील लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेटे नकोत. नोटीस ‘पत्त्यावर असा कोणी नाही’ म्हणून परत आली, ते आलंच ओघाने. ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर दाखवायचा असतो, २०२०चा नियम आहे. माझ्या त्या झकास साइटवर फक्त एक व्हॉट्सअॅपचं बटण होतं. साइट बघताना आधी हे शोधा, फोटो नंतर बघा.

घ्यायचंच असेल तर स्वतःच्या खुर्चीला जोडून, बसून, चढावर आणि उतारावर चालवून दाखवेल त्यालाच पैसे. ब्रेक उतारावर बघायचा, अंगणात नाही. ‘रिफंडेबल’ म्हणून एक रुपयाही मागितला तर तिथेच थांबा, माझे ४,८०० तसेच गेले.

आणि खोका फेकू नका. बायको तो रद्दीत देणार होती, मी ओरडलो म्हणून राहिला. त्यावरच्या कुरियरच्या पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळं आहे, मालाचं वर्णन ‘सायकल स्पेअर’ आणि किंमत ६,२०० रुपये. त्याच मालाचं मला ६४,५००चं बिल दिलंय. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून फोटो काढलाय आणि आयोगातल्या तक्रारीला जोडलाय. पोलीस ठाण्यातही त्याची प्रत दिली, पोच मात्र अजून दिलेली नाही.